नसीमचे सात ‘स’

फाल्गुन उतरणीला लागला की बिबवेवाडीतल्या आमच्या रस्त्यावरचा पिंपळ चार-सहा दिवसांत सगळी जुनी पानं झटकून टाकतो आणि तांबूस, ओलसर दिसणाऱ्या पालवीनं भरून जातो. ऑफिसला निघताना मी त्याच्याखाली जरा थांबते. उन्हाला नुकतीच धार आलेली असते. गच्च्यांवर कुरडयांसाठी प्लास्टिकचे कागद अंथरलेले असतात. मुलांच्या परीक्षा चालू असल्यामुळे संध्याकाळी खाली क्रिकेटचा आरडाओरडा नसतो, पाण्याच्या टँकरची घरघर मात्र सुरू झालेली असते. याच दिवसांत मी एका पसरट ताटलीत मूठभर गहू भिजवून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते. रोज सकाळी त्यांच्यावर पाणी शिंपडते. आधी पांढरे ठिपके फुटतात, मग एके दिवशी चहा गाळताना सहज लक्ष जातं, तर ताटलीत हिरवं रान उभं असतं.

परवा समोरच्या फ्लॅटमध्ये नव्यानं राहायला आलेली मुलगी विरजण मागायला आली होती. तिची नजर ताटलीवर गेली.

“काकू, घट आत्ता बसवलेत? नवरात्राला अजून अवकाश आहे ना?”

आमच्याकडे घट बसत नाहीत. आम्ही बौद्ध. पण हे दारात उभं राहून कुठून सांगायला सुरुवात करायची? मी म्हटलं, “घट नाहीत गं. आमच्या वरच्या मजल्यावर एक नसीम राहायची. तिचं आहे हे.”

ती विरजण घेऊन गेली. मी ओट्याशी तशीच उभी राहिले आणि तो सगळा वसंत पुन्हा डोळ्यांसमोर आला.

नसीम इराणमधल्या शिराझची. ती आणि तिचा नवरा बेहरूझ, दोघंही पीएचडीसाठी पुण्यात आले होते. त्यांची मुलगी इथेच जन्मली. बाळाला पहिल्यांदा खाली आणलं तेव्हा बायकांनी नाव विचारलं. नसीम म्हणाली, “तारा.”

“अय्या, हे तर आमचं नाव!”

“आमचंही,” नसीम हसून म्हणाली.

तिकडे वडिलांनाही बाबाच म्हणतात. एवढ्या दोन शब्दांवर आमच्या बिल्डिंगनं त्या कुटुंबाला आत घेतलं. आत घेतलं म्हणजे अर्थातच पुणेरी पद्धतीनं. सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णीकाका पहिल्याच दिवशी त्यांना म्हणाले होते, “आपलं स्वागत आहे. जिन्यात चपला ठेवू नयेत.” दोन्ही वाक्यं एकाच सुरात.

मी सांगतेय त्या वर्षी तारा ज्युनिअर केजीत होती. बेहरूझच्या वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून तो थंडीत शिराझला गेला आणि परत यायच्या व्हिसाचं काम अडकून बसलं. आज होईल, उद्या होईल असं करत दिवस चालले होते. फोन लागायचा, चित्र थिजायचं, आवाज तुटायचा. नसीमचा प्रबंध शेवटच्या टप्प्यात होता. ती दिवसभर प्रयोगशाळेत असायची. माझे मिस्टर नुकतेच निवृत्त झाले होते, त्यामुळे शाळा सुटल्यावर तारा आमच्याकडे येऊन बसायची. दोघं मिळून दुपारी साबुदाण्याची खिचडी करायची, दाण्याचं कूट किती घालायचं यावर भांडायची आणि टीव्हीसमोर बसून खायची. नसीम माझ्याशी इंग्रजीत बोलायची, भाजीवाल्याशी हिंदीत, आणि मधूनमधून ताराकडून उचललेलं मराठी वापरायची. तारा मात्र अस्खलित पुणेरी होती. “काका, तुम्ही कूट घालताय की मोजताय?” असं विचारायची.

त्या मार्चमध्ये एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर तारा आमच्या सोफ्यावर शाळेत केलेली गुढी घेऊन बसली होती. आइस्क्रीमची काडी, तिला चिकटवलेला चमकीचा कागद, वर चंदेरी कागदाचा इवलासा तांब्या. नसीम तिला न्यायला आली. ताराने गुढी उंच धरली आणि मराठीतच विचारलं, “मामान, आपल्याकडे गुढी का नाही?”

मामान म्हणजे आई. नसीमला त्यातलं ‘गुढी’ एवढंच कळलं. मी तिला अर्थ सांगितला. ती खाली बसली, ताराचे हात हातात घेतले आणि तिच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. ‘नौरोज’ हा शब्द मला ओळखू आला. नौरोज म्हणजे नवा दिवस, त्यांचं नवं वर्ष. तेही याच दिवसांत येतं.

तारानं मान हलवली. “ते आजीच्या फोनमध्ये असतं. आपल्या घरात नसतं.”

नसीमनं माझ्याकडे पाहिलं. याचाही अर्थ सांगणं भाग होतं. मी सांगितला. ती उठली. ताराची चप्पल शोधली, दप्तर खांद्याला लावलं, मला रोजच्यासारखं “थँक यू” म्हणाली आणि जिना चढून गेली.

मुलीचं म्हणणं खरंच होतं. दोघांच्या पीएचड्या, भाड्याचं घर, लहान बाळ. आदल्या वर्षांत नौरोज म्हणजे शिराझला व्हिडिओ कॉल आणि इतर इराणी विद्यार्थ्यांबरोबर एखादं जेवण. आजीच्या घरातलं सजलेलं टेबल तारानं चौकोनी पडद्यावर पाहिलं होतं. तिच्या लेखी सण ही फोनमध्ये राहणारी गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीम माझ्याकडे गहू मागायला आली. “चांगले, अख्खे,” ती म्हणाली. “या वर्षी मी सगळं करणार आहे. सगळं.”

तिला गहू मोजून देताना मला येरवडा आठवला. तुरुंगाच्या लांबलचक भिंतीच्या पलीकडे आमची वस्ती होती. मी सहा-सात वर्षांची असताना शाळेतून घरी येऊन आईला हाच प्रश्न विचारला होता, याच शब्दांत. आपल्याकडे गुढी का नाही? आई तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होती. नुकतीच ड्यूटीवरून आली होती आणि पांढऱ्या साडीतच चूल पेटवत होती. तिनं काय उत्तर दिलं ते मला आठवत नव्हतं. तिचा थांबलेला हात तेवढा आठवत होता.

इराणी लोकांचं नवं वर्ष येण्याआधीच्या मंगळवारी संध्याकाळी विस्तव पेटवून त्यावरून उड्या मारतात. आपला फिकेपणा, आजारपण आगीला द्यायचं आणि तिची लाली, ऊब आपण घ्यायची, असा त्याचा अर्थ. नसीम परवानगी मागायला कुलकर्णीकाकांकडे गेली. बरोबर मी होते.

“होळी होऊन गेली,” काका म्हणाले.

“आमची वेगळी आहे, काका. मंगळवारी. छोटीशी. वरून उडी मारतो.”

“कशावरून?”

“आगीवरून.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “आपण पीएचडी करताय ना?”

“हो.”

“मग ठीक आहे. अशिक्षित असतात तर परवानगी दिली नसती.”

मंगळवारी पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत नसीमनं वाळक्या काटक्यांचे छोटे छोटे ढीग रचले. कुलकर्णीकाका पाण्याची बादली घेऊन आधीच येऊन उभे होते. नसीमनं ओढणी कमरेला बांधली, ताराचा हात धरला आणि मोठ्यानं ती फिकेपणा-लालीची ओळ म्हणत उडी मारली. तारा दोन्ही पाय जवळ घेऊन, डोळे मिटून उडाली आणि पलीकडे उतरल्यावर स्वतःच टाळ्या वाजवू लागली. वरच्या गॅलऱ्यांतून मुलं बघत होती. एकेक पुस्तक मिटलं गेलं. जिन्यात पावलांचा धडधडाट झाला आणि बघता बघता आमच्या बिल्डिंगची सगळी मुलं रांगेत उभी राहिली. नसीम प्रत्येकाला ओळ शिकवायची, मुलं तिचं पार वाटोळं करून म्हणायची आणि उड्या मारायची. माझ्या मिस्टरांनीही एक मारली. उतरल्यावर म्हणाले, “फिकेपणा आहे तसाच आहे, गुडघा तेवढा लाल झाला.”

“अहो, तुम्ही?” कुलकर्णीकाकूंनी काकांना विचारलं.

“मी पाणी सांभाळतोय,” काका म्हणाले. पण तारा तिसऱ्यांदा उडी मारायला आली तेव्हा तेच ओरडले, “पाय जरा वर घे! गेल्या वेळी थोडक्यात राहिला!”

मी नसीमकडे बघत होते. आपला सण साजरा करताना आपल्याभोवती आपल्यासारखी शंभर माणसं असतात. आपण फक्त आवाजात आवाज मिसळायचा असतो, विसरलेली ओळ शेजारचा म्हणतो. इथे ओळ माहीत असलेली ती एकटी. काटक्या तिच्या, आवाज तिचा, विसरली तर आठवण करून देणारं कोणी नाही. तरी ती एखाद्या भरल्या गल्लीत उभी असावी तशी हसत, हाका मारत होती. विस्तवाच्या उजेडात तिचा चेहरा खरंच लाल दिसत होता.

सात वस्तूंची शोधाशोध तर आधीपासूनच चालू होती. नौरोजला एका स्वच्छ कापडावर ‘स’नं सुरू होणाऱ्या सात गोष्टी मांडतात. ही मांडणी म्हणजे हफ्त-सीन, सात ‘स’. त्यांच्या भाषेतला ‘स’ बरं का. सब्जे म्हणजे उगवलेले गहू. सीब म्हणजे सफरचंद. सीर म्हणजे लसूण. सेर्के म्हणजे शिरका, आपलं व्हिनेगर. समनू म्हणजे मोड आलेल्या गव्हाची गोड खीर. हे पाच जमण्यासारखे होते. पण सेंजेद नावाचं वाळलेलं फळ आणि सोमाग नावाची आंबट, लालसर पूड शिराझहूनच आणावी लागणार होती. आणि आणणाराच तिकडे अडकला होता. आम्ही मार्केट यार्ड पालथं घातलं, कॅम्पातली सुक्या मेव्याची दुकानं धुंडाळली. एका दुकानदारानं सेंजेद म्हणून बोरं दाखवली.

तारानं यावर ताबडतोब उपाय काढला. “मावशी, ‘स’चंच पाहिजे ना? मग मला येतात ना ‘स’चे शब्द! साखर. सुपारी. सरबत. सोनचाफा. साबुदाणा. सँडल. सायकल.”

“सायकल मांडायला कुलकर्णीकाका परवानगी देणार नाहीत,” मी म्हटलं.

नसीमला मात्र हसू आलं नाही. “नाही, तारा. ते हफ्त-सीन नाही होत. आजी काय म्हणेल?” मग मला म्हणाली, “संध्या, मी तिला खरं दाखवायचं म्हणून हे करतेय. खोटं कशाला दाखवू? दोन कमी तर दोन कमी.” तारा आमच्या मिस्टरांच्या मागे जाऊन उभी राहिली.

समनू करायची रीत नसीमनं सांगितली तेव्हा मी म्हटलं, “अगं, हा तर आपल्या गव्हाच्या चिकाचा भाऊ!” गहू वाटून, गाळून, मंद आचेवर ढवळत बसायचं. फरक इतकाच की हे मोड आलेले गहू, आणि ढवळायचं तासन् तास, तपकिरी होईपर्यंत. साखर घालायची नाही, गोडी गव्हातूनच येते. चिकातली जाणकार म्हणजे माझी आई. ती भावाकडे येरवड्याला राहते. तिला फोन केला तर बुधवारी सकाळी स्वतःचा लाकडी डाव पिशवीत घालून रिक्षानं हजर झाली. मी रजा टाकली होती.

नसीमच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी पातेल्याभोवती बसलो. वरून टँकरचं पाणी टाकीत पडल्याचा आवाज येत होता. दमट, कोंड्यासारखा वास सुटला होता. आईला इंग्रजी येत नाही, नसीमला मराठी जेमतेम. पण आईनं जन्मभर दवाखान्यात नाना भाषांच्या बायका पाहिल्या आहेत. कोणाला काय होतंय हे तिला चेहऱ्यावरून कळतं.

“हिची झोप झालेली नाही,” आई मला म्हणाली. “विचार काय झालं.”

विचारल्यावर नसीमचा ढवळणारा हात मंद झाला. “आमच्याकडे समनूच्या पातेल्याभोवती सगळ्या गल्लीतल्या बायका असतात. माझी आई, मावश्या. आळीपाळीनं ढवळतात, गाणी म्हणतात. मी इथे एकटी. बेहरूझचा पत्ता नाही. दोन ‘स’ नाहीत. काल वाटलं, सोडून द्यावं. तारा तरी काय, इथेच वाढतेय. तिला गुढी आवडते तर गुढी. मी हे सगळं कोणासाठी धरून बसलेय?”

मी आईला सांगितलं. आईनं तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि स्वतः ढवळायला लागली.

“हिला सांग,” ती म्हणाली. “मी दहा वर्षांची होते तेव्हा आमचे वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले. घरातले जुने सण गेले. बरोबरच केलं त्यांनी. ज्यात आपल्याला माणूस म्हणून जागा नव्हती ते सोडलं. पण लहान मुलांना काय कळतं? शेजारी सण, आणि आमचं घर ओकंओकं. पुढे वस्तीत विहार झाला, वंदना व्हायची, चौदा एप्रिलची मिरवणूक निघायची. पण ते सगळं बाहेर, मोठ्या माणसांचं. घरात मुलांच्या हाताला लागेल असं काही नव्हतं. मग एक दिवस या आमच्या बाईनं विचारलं, आपल्याकडे गुढी का नाही.”

मी चमकून आईकडे पाहिलं. तिला आठवत होतं.

“मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर सुचलं नाही. मग त्या वर्षी वैशाख पौर्णिमेला मी दवाखान्यातून रजा घेतली. पोरांना पांढरे कपडे शिवले. गल्लीतल्या बायांना म्हटलं, आपल्या दारात पणत्या लावू. कोणी म्हणालं, असं असतं का? मी म्हटलं, असेल. केलं की असतं. कागदाची कमळं केली मुलांकडून. निम्मी तर कोबीसारखी दिसत होती. पण मुलांनी केली होती ना! पुढच्या वर्षी मुलंच विचारायला लागली, आई, कमळं कधी करायची?”

मी हे सगळं नसीमला सांगत होते, आणि सांगताना मला ती गल्ली, ती दारं, वाऱ्यानं फडफडणाऱ्या पणत्या दिसत होत्या. माझ्या लेखी ते सगळं पूर्वापार चालत आलेलं होतं. त्याला सुरुवात होती, आणि ती आमच्या चुलीपाशी झाली होती, हे मला त्या दिवशी समजलं.

नसीमनं हात पुसले. मग उठली, बाहेर गेली. तारा बैठकीत चित्र काढत होती. दारातून आम्हाला तिचं मोडकंतोडकं हिंदी-मराठी ऐकू आलं, “तारा, सेंजेद म्हणजे प्रेम. तुला सगळ्यात प्रिय काय, ‘स’चं?”

“साबुदाणा!” तारा क्षणाचाही विचार न करता म्हणाली.

“आणि सोमाग म्हणजे सूर्य उगवतानाचा रंग.”

“सोनचाफा!”

“चल, आणू या.”

सोनचाफा कुलकर्णीकाकूंनी दिला. फुलवाल्याकडे नव्हता, त्यांच्या माहेरच्या अंगणात होता, तिथून मागवला. काकांनी फुलं आणून देताना एवढंच विचारलं, “आता साबुदाण्याला उपास कोणाचा?”

त्या वर्षी नवं वर्ष उजाडायचा क्षण भर दुपारी होता. त्यांच्याकडे वर्ष मध्यरात्री बदलत नाही, सूर्य विषुववृत्तावर येतो त्या नेमक्या घटकेला बदलतं. सकाळ, दुपार, काहीही असू शकतं. आम्ही सगळे तिच्याकडे जमलो. बाहेर रखरखीत ऊन, आत पडदे ओढलेले. जमिनीवर पांढरं कापड, त्यावर हिरव्यागार गव्हाची ताटली, सफरचंद, लसणाचे गड्डे, शिरक्याची वाटी, तपकिरी समनू, एका वाटीत मोत्यांसारखा साबुदाणा आणि एका बशीत सोनचाफ्याची फुलं. त्यांच्या वासानं खोली भरून गेली होती. मध्ये आरसा, आरशावर एक रंगवलेलं अंडं. वर्ष बदलतं त्या क्षणी ते अंडं किंचित हलतं असं म्हणतात. तारा पालथी पडून, हनुवटी तळहातांवर ठेवून, अंड्याकडे टक लावून होती.

नसीम फोन लावत होती. शिराझला सगळे जण त्याच वेळी फोन लावत असणार, लाईन मिळेना. एकदा बेहरूझचा चेहरा दिसला, थिजला, गेला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा. क्षण जवळ येत होता आणि तिची सगळी नजर त्या काळ्या पडद्यावर होती. आई तिच्या शेजारी सरकून बसली.

मग नसीमनं फोन लावणं सोडलं. तो सोफ्याच्या उशीखाली सरकवून दिला. कापडाशी येऊन बसली, ताराला ओढून मांडीवर घेतलं, एक हात माझ्या आईच्या हातात दिला, एक माझ्या, आणि आपल्या भाषेत मोठ्यानं प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. आवाज आधी कापरा होता. दुसऱ्या ओळीला ठाम झाला. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण आजवर ऐकलेल्या कुठल्याही प्रार्थनेइतकीच ती मला सलग आणि पूर्ण वाटली.

“हललं!” तारा किंचाळली. “अंडं हललं!”

“हललं,” आई म्हणाली. “मी पाहिलं.”

“टँकरचा पंप सुरू झाला असेल,” माझे मिस्टर म्हणाले, पण पुटपुटत.

नसीमनं ताराचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. मग आईचे घेतले, मग माझे. सगळ्यांना समनू दिलं. ते थोडं खालून लागलं होतं. आम्ही वाट्या चाटूनपुसून खाल्लं.

ऊन कलल्यावर बेहरूझचा फोन लागला. उशीखालून आवाज यायला लागला तेव्हा आधी कुठे वाजतोय ते कळेना. तारानं फोन ओढून घेतला आणि आपल्या भाषेत धो धो बोलत सुटली. मला मधले मधले शब्द तेवढे कळत होते. सोनचाफा. साबुदाणा. काका, बादली. पडद्यात बेहरूझ डोळे पुसत हसत होता. तारानं फोन उलटा करून त्याला सगळी मांडणी दाखवली. त्या दिवशी आपल्या घरातला सण फोनमधल्या माणसाला दाखवणारी ती होती.

गुढीपाडव्याला ताराची मैत्रीण तिला बोलवायला आली. “तुमच्याकडे गुढी नाही का?” तिनं विचारलं. “नाही,” तारा जिना उतरताना आरामात म्हणाली. “आमच्याकडे दुसरं असतं. झालं ते. तू नव्हतीस.” आणि दोघी कुलकर्णीकाकूंची गुढी बघायला, म्हणजे गाठी खायला पळाल्या.

नौरोजपासून तेराव्या दिवशी घरात थांबायचं नसतं, हिरवळीवर जेवायचं आणि उगवलेले गहू वाहत्या पाण्यात सोडायचे असतात. “तेराव्याला सहल?” कुलकर्णीकाकू दचकल्याच. तेरावा म्हटलं की आपल्याकडे काय आठवतं ते काही नसीमला समजावून सांगायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. माझ्या मिस्टरांची अडचण वेगळी होती. “पुण्यात, एप्रिलात, वाहतं पाणी म्हणजे टँकरच.” शेवटी आम्ही स्वारगेटहून बस पकडून खडकवासल्याला गेलो. काकूंनी दिलेली कैरीची डाळ, नसीमनं केलेलं हिरव्या पाल्याचं जाडसर आम्लेट आणि माझ्या पोळ्या, असं झाडाखाली बसून जेवलो. हिरवळ म्हणावी अशी नव्हतीच. नसीमनं गव्हाच्या पात्यांनाच गाठी मारल्या. प्रत्येक गाठ म्हणजे एक इच्छा. तारानं इतक्या मारल्या की ताटलीत जाळं झालं. मग मायलेकी पाण्याशी उतरल्या. धरणातल्या लाटेनं ते हिरवं बेट दोनदा परत आणून दिलं. तिसऱ्यांदा तारा गुडघाभर पाण्यात शिरली आणि जोरात ढकलून म्हणाली, “जा ना आता!”

वैशाख लागला आणि बेहरूझ आला. पहाटेच्या विमानानं मुंबईला उतरून सकाळी बिल्डिंगच्या दारात उभा राहिला, तेव्हा कुलकर्णीकाकांनी त्याला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, “आलात? इकडचं सगळं झालं. आपली वाट कोणी पाहिली नाही.” पुण्यात याहून प्रेमानं कोणी बोलत नाही, हे त्याला एव्हाना माहीत होतं. त्यानं काकांना मिठी मारली. नसीमनं पुढच्या हिवाळ्यात प्रबंध दिला आणि ते तिघं आणखी एका दूरच्या देशात गेले. तिथे म्हणे मार्चमध्येही बर्फ असतं. तिथेही ती गहू भिजवते, शेजाऱ्यांना जमवते. कळवत असते.

पण त्या वसंतातलं माझ्या मनात घर करून राहिलेलं दृश्य आहे ते वैशाख पौर्णिमेचं. आईनं त्यांना येरवड्याला बोलावलं होतं. तिघंही पांढरे कपडे घालून आले. ताराचा फ्रॉक माझ्या मिस्टरांनी लक्ष्मी रोडवर स्वतः निवडला होता. विहारात वंदना झाली. नसीम मागे चटईवर, हात जोडून नाही, मांडीवर ठेवून, पण ताठ आणि एकाग्र बसली होती. मग सगळे आईच्या घरी आलो. गल्लीभर दारांत पणत्या होत्या. आता त्या लावणाऱ्या बाया म्हणजे आईच्या वेळच्या बायांच्या नातसुना. अंगणात मुलं कागदाची कमळं करत बसली होती. तारा त्यांच्यात जाऊन बसली आणि पाच मिनिटांत एका मुलाला घडी कशी घालायची ते शिकवायला लागली.

नसीम उंबऱ्यात उभी राहून ते सगळं बघत होती. दारांची रांग, वाऱ्यानं वाकणाऱ्या ज्योती, त्या उजेडात वाकलेली मुलांची डोकी. मग ती आत वळली. आई खुर्चीवर बसली होती. नसीम तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं ताराला हाक मारली आणि आपल्या भाषेत एक लांब वाक्य सांगितलं.

तारा आईला म्हणाली, “आजी, मामान म्हणतेय, हे सगळं तुम्ही सुरू केलं. तुमच्याआधी इथे नव्हतं. तुम्ही खूप मोठं काम केलं असं ती म्हणतेय.”

आईला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. ना गल्लीत, ना घरात. ती गोंधळून गेली. पदर सारखा केला. मग नसीमच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “मी काय केलं गं? लेकरं होती ना घरात.”

ताराने सांगायला तोंड उघडलं. नसीमनं तिला थांबवलं.

“कळलं,” ती मराठीत म्हणाली.